सिस्टम्स अ‍ॅनालिस्ट नेमके काय करतो?



दहावीचा निकाल लागला की पालक भेटायला येतात. गुणांचे बोलून झाले की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "बाई, कॉम्प्युटरचा कोणता कोर्स लावायचा?" अमीरपेटच्या मैत्रीवनम परिसरात त्या वर्षी ज्या कोर्सचे नाव फलकांवर सर्वांत मोठे असेल, त्याचीच चौकशी अधिक. पूर्वी जावा होते, मग डॉट नेट आले, आता पायथन आणि डेटा सायन्स. या भाषा शिकण्यात गैर काहीच नाही; त्यांच्या बळावर आपल्या समाजातील कित्येक मुलांनी संसार उभे केले आहेत. पण संगणकाने कोणते काम, कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरवण्यास जो मदत करतो त्याला सिस्टम्स अ‍ॅनालिस्ट म्हणतात. मराठीत प्रणाली विश्लेषक. त्याच्या कामाविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो.

या अंकात त्याविषयी लिहिण्यास आणखी एक निमित्त आहे. आपल्या कार्यालयाचे सर्व काम, म्हणजे प्रवेश, शुल्क, हजेरी, दाखले, एका नव्या संगणक प्रणालीवर नेण्याचा विषय यंदा विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यासाठी लागणारा पैसा पालकांच्या शुल्कातून आणि देणगीदारांच्या देणगीतून जाणार आहे. तेव्हा खरेदीआधी काय विचारावे, हे सर्वांनाच ठाऊक असलेले बरे.

प्रथम 'प्रणाली' या शब्दाविषयी. प्रणाली म्हणजे केवळ संगणक नव्हे. माणसे, कागद, नियम, सवयी, वेळापत्रक आणि यंत्रे मिळून एखादे काम जसे पार पडते, ती सगळी व्यवस्था म्हणजे प्रणाली. संगणक येण्यापूर्वीही आपल्या शाळेत प्रणाली होती. ती हजेरीपटात, शुल्काच्या पावती पुस्तकात आणि जुन्या लिपिकांच्या डोक्यात होती. विश्लेषक ही जुनी व्यवस्था नीट समजून घेतो, तिच्यातील अडचण शोधतो आणि नवी कशी असावी याचा आराखडा लिहून काढतो. प्रोग्रामर त्या आराखड्यावरून काम करतो. आराखड्यातच चूक असेल तर उत्तम प्रोग्रामरही ती चूक तितक्याच उत्तम रीतीने बांधून देतो!

या व्यवसायाची सुरुवात एखाद्या प्रयोगशाळेत झाली असेल असे वाटते; पण तिचा एक मोठा धागा चहाच्या दुकानांपर्यंत जातो. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनी या संस्थेची इंग्लंडभर चहा-फराळाची दुकाने होती. आपल्याकडच्या इराणी हॉटेलांसारखीच सामान्य माणसाला परवडणारी. या कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. त्याचे नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ पासून तो कंपनीच्या बेकरीचे हिशेब नियमितपणे करू लागला. व्यापारी कामासाठी संगणक असा नेमाने वापरण्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. तेथे आराखड्याचे काम पाहणारे डेव्हिड कॅमिनर हे संगणकाचे अभियंता नव्हते. कार्यालयीन पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या विभागातून ते आले होते.

१९५४ साली त्यांनी दुकानांच्या रोजच्या मागणीचे काम संगणकावर घेतले. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी रोज पाव किती, केक किती, अशी संपूर्ण यादी कळवायची, ती कोणीतरी संगणकात भरायची, असे सरळ केले असते तर काम कमी न होता वाढलेच असते. विश्लेषकांच्या लक्षात आले की सोमवारची मागणी बहुतेक दर सोमवारी सारखीच असते. मग प्रत्येक वाराची ठरलेली मागणी संगणकात कायमची नोंदवून ठेवली आणि दुकानांनी फोनवर फक्त त्या दिवसाचा बदल सांगायचा, असे ठरले. काही सांगितले नाही तर नेहमीचा माल. केवढी साधी गोष्ट! पण ती सुचण्यासाठी संगणकाकडे पाहून उपयोग नव्हता. दुकान कसे चालते ते पाहावे लागले.

आता आपल्या घराजवळचे उदाहरण घेऊ. ज्येष्ठ पालकांना रेल्वे आरक्षणाचे जुने दिवस आठवत असतील. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची वेगळी वही. ठरावीक गाड्यांसाठी ठरावीक खिडकी. एका खिडकीवर तास काढल्यावर कळायचे की आपली गाडी शेजारच्या खिडकीवर आहे. परतीचे आरक्षण हवे असेल तर तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. १९८५ साली दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केलेल्या 'इम्प्रेस' प्रणालीने संगणकीय आरक्षण सुरू झाले, नंतर इतर मोठ्या शहरांतही. तरीही प्रत्येक शहराचा संगणक आपापल्यापुरता होता. पुढे रेल्वेच्याच 'क्रिस' या १९८६ साली स्थापन झालेल्या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली तयार केली. ती सर्वप्रथम कोठे बसवली असेल? आपल्या सिकंदराबादला, सप्टेंबर १९९४ मध्ये. एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे तिने जोडली गेली आणि कोणत्याही केंद्राच्या खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट काढता येऊ लागले.

यातील विश्लेषणाचा भाग समजण्यासाठी आपली हुसेनसागर एक्स्प्रेस डोळ्यांपुढे आणा. हैदराबादहून निघून वाडी, गुलबर्गा, सोलापूर, पुणे करीत ती मुंबईला जाते. एक प्रवासी सोलापूरला उतरणार. त्याची जागा तेथून पुढे दुसऱ्याला देता येईल का? येईल, पण ती सोलापूरच्या वाट्याची समजायची की हैदराबादच्या? सोलापूरचा वाटा भरला नाही तर तो कोणाला आणि केव्हा द्यायचा? आर.ए.सी.वाल्यांपैकी कोणी तिकीट रद्द केले तर प्रतीक्षा यादीतील कोण वर सरकेल? एकच बर्थ उरला असताना सिकंदराबाद आणि पुणे येथील दोन खिडक्यांवर त्याच क्षणी मागणी झाली तर तो कोणाला? ('कॉन्सर्ट'मध्ये प्रत्येक गाडीची नोंद एकाच केंद्राच्या संगणकात राहते आणि इतर केंद्रे त्या केंद्राकडे मागणी पाठवतात, म्हणून एक बर्थ दोघांना जात नाही.) अशा गाठी रेल्वेच्या नियमपुस्तकांत, परिपत्रकांत आणि रूढीत विखुरलेल्या होत्या. आरक्षण लिपिकाला त्या हाताच्या सवयीने सुटत. संगणकाला सवय नसते. त्याला प्रत्येक 'जर' आणि प्रत्येक 'तर' सांगावा लागतो, आणि म्हणून आधी तो कोणाकडून तरी काढून घ्यावा लागतो.

ही काढून घेण्याची कला म्हणजे विश्लेषकाचे खरे भांडवल. ज्याच्या कामाविषयी माहिती हवी तो माणूस मुद्दाम काही लपवतो असे नाही. तीस वर्षे रोज केलेली गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटतच नाही. "शुल्क कसे घेता?" असे विचारले तर लिपिक म्हणतील, "पावती फाडतो, नोंद करतो." दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून पाहिले तर वेगळेच दिसेल. भावंडांची सवलत आहे. दोन हप्त्यांत भरणारे आहेत. वडिलांची बदली झाली म्हणून मध्येच गेलेले आणि पुन्हा आलेले आहेत. एखाद्या मुलाचे शुल्क एका देणगीदाराकडून परस्पर येते, आणि ते त्या मुलालाही कळू द्यायचे नाही असा शब्द दिलेला असतो. ही शेवटची बाब कोणत्याही छापील नियमात सापडणार नाही. पण प्रणालीने त्या मुलाच्या पावतीवर देणगीदाराचे नाव छापले तर शाळेचा शब्द मोडला.

आता शब्दांविषयी थोडेसे. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे दोन भाषांत एकच शब्द किती वेगळा चालतो याची गंमत मला नेहमी वाटत आली आहे. हिंदीत 'शिक्षा' मिळाली तर मूल शहाणे होते. मराठीत मिळाली तर रडते. आपल्या कार्यालयाच्या खिडकीशी असाच एक शब्द रोज येतो : दाखला. मराठी पालकाला दाखला म्हणजे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र, जन्माचा किंवा जातीचा दाखला. आपल्या शहराच्या दख्खनी बोलीत 'दाखिला' म्हणजे शाळेत प्रवेश. तेलुगूत 'दाखलु' म्हणजे कागद दाखल करणे. म्हणजे एक पालक मुलाला शाळेत घालायला आले आहेत, दुसरे काढायला आले आहेत आणि तिसरे नुसता अर्ज द्यायला आले आहेत. तिघांच्या तोंडी जवळजवळ एकच शब्द! खिडकीवरचा अनुभवी माणूस चेहरा पाहून ओळखतो. बाहेरगावच्या विक्रेत्याने तयार करून आणलेल्या प्रणालीत 'दाखला' नावाचे एकच बटण असेल तर ते नेमके काय करील, हे आपण आधीच विचारले पाहिजे. म्हणून चांगला विश्लेषक कामाच्या सुरुवातीलाच शब्दांची यादी करतो आणि प्रत्येक शब्दापुढे त्या कचेरीत त्याचा अर्थ काय, हे लिहून सर्वांकडून मान्य करून घेतो.

दुसरी अडचण नावांची. ती तर आपल्यापैकी प्रत्येक घराने सोसली असेल. तेलुगू पद्धतीत 'इंटि पेरु', म्हणजे घराचे नाव, आधी येते आणि पुष्कळदा त्याचे एकच अक्षर लिहितात. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावातील 'पी' म्हणजे पामुलपर्ती, हे त्यांच्या घराण्याचे नाव. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. एखादा फॉर्म 'सरनेम' आणि 'नेम' असे दोनच चौकोन देतो. मग अनिरुद्ध विनायक देशपांडे शाळेच्या नोंदवहीत पूर्ण नावाने राहतो, आधारवर देशपांडे अनिरुद्ध होतो आणि परीक्षेच्या फॉर्मवर डी. अनिरुद्ध. तिन्ही बरोबर, आणि तिन्ही एकमेकांशी न जुळणारी. पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि हेलपाटे घरच्यांच्या वाट्याला येतात. आईच्या नावाचे तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, कित्येक घरांत पहिले नावही बदलत असे; एका बाईंची शाळेची कागदपत्रे एका नावाची आणि बँकेचे पुस्तक दुसऱ्या नावाचे. या शहरात तेलुगू, मराठी, उर्दू, कन्नड, तमीळ अशी सगळी घरे एकाच खिडकीशी येतात, हे चौकोन आखणाऱ्याने पाहिले असते तर पुढची पुष्कळ यातायात वाचली असती.

नीट विचार केलेल्या प्रणालीतही काही बाहेर राहू शकते, याचे एक महत्त्वाचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मालमत्ता नोंदणीसाठी तेव्हाच्या अविभक्त आंध्र प्रदेशात ४ नोव्हेंबर १९९८ रोजी 'कार्ड' ही प्रणाली सुरू झाली. दुय्यम निबंधकांच्या दोनशेहून अधिक कचेऱ्या तिच्यात आल्या. पूर्वी प्रत्येक दस्त हाताने वहीत उतरवला जाई. घरावर कोणाचे कर्ज वा हक्क नाही असे प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे 'ई.सी.' म्हणतो, हवे असेल तर लिपिक अनेक वर्षांच्या वह्या उलटी-पालटी करीत. 'कार्ड'नंतर तेच प्रमाणपत्र काही मिनिटांत मिळू लागले. हे यश खरे होते आणि देशभर नावाजले गेले. परंतु २००४ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये जोनाथन केसली यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'कार्ड'पुढे 'फसाड', म्हणजे नुसती दर्शनी बाजू, असा शब्द होता. संगणक आले तरी कचेरीबाहेरचे मध्यस्थ आणि त्यांच्यामार्फत जाणारा वरचा पैसा गेला नाही, असे त्यांनी दाखवले.

माझ्या मते विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट टिपावी : प्रणालीची सीमा. आराखडा कचेरीच्या टेबलापासून सुरू केला तर टेबलाच्या आतले काम वेगवान होते. पण सामान्य माणसासाठी काम दस्त लिहून घेण्यापासून, म्हणजे कचेरीच्या बाहेरच सुरू होते. तो टप्पा आराखड्याबाहेर राहिला की तेथे बसलेला मध्यस्थही तसाच राहतो. काही जण म्हणतील की हा प्रश्न विश्लेषकाचा नाही, शासनाचा आहे. निर्णय शासनाचा हे मान्य. पण रेषा कोठे ओढली आहे आणि तिच्या बाहेर काय राहते, हे कागदावर लिहून दाखवणे हे विश्लेषकाचेच काम.

असाच आणखी एक प्रश्न आहे दुरुस्तीचा. तेलंगणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी शेतजमिनींसाठी 'धरणी' पोर्टल सुरू झाले. नोंदणी आणि फेरफार एकाच वेळी, तहसील कचेरीत. ज्यांची नोंद बरोबर होती त्यांना सोय झाली. पण ज्यांच्या क्षेत्रात वा नावात चूक होती, किंवा ज्यांची जमीन निषिद्ध यादीत गेली होती, त्यांना ती चूक सुधारून घेण्याची सरळ वाट सापडेना. तक्रारी साचत गेल्या. १४ एप्रिल २०२५ पासून त्याची जागा 'भू भारती'ने घेतली असून तिच्या कायद्यात दुरुस्तीची व अपिलाची तरतूद केलेली आहे. राजकीय बाजू हा या पत्रिकेचा विषय नाही. आपल्यापैकी ज्यांची शेती झहीराबाद, निजामाबाद वा आदिलाबादकडे आहे, त्यांना एका चुकीच्या अक्षराची किंमत मी सांगायला नको. शाळेच्या प्रणालीतही जन्मतारीख एकदा चुकली तर ती कोण, कोणाच्या परवानगीने, कोणता पुरावा पाहून दुरुस्त करील आणि जुनी नोंद कोठे राहील, हे खरेदीआधी ठरले पाहिजे.

बाकीचे टप्पे थोडक्यात सांगते. सध्याच्या कामाचा अभ्यास, नव्या गरजांची यादी, खर्च परवडेल का याचा अंदाज, आराखडा, प्रोग्राम, चाचणी, कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि पुढची देखभाल. यात एक पायरी मला फार शहाणपणाची वाटते. ती म्हणजे जुनी आणि नवी पद्धत काही काळ शेजारी-शेजारी चालवणे. एक सत्र पावती पुस्तकही भरायचे आणि संगणकही, मग महिनाअखेर दोन्ही बेरजा जुळवायच्या. कर्मचाऱ्यांना दुप्पट काम पडते, ते कुरकुर करतात, आणि ती कुरकुर योग्यच असते. म्हणून त्या काळासाठी जादा हात द्यावा लागतो. विक्रेते हा खर्च अंदाजपत्रकात सहसा दाखवत नाहीत. विश्वस्तांनी तो विचारून घ्यावा.

ज्या विद्यार्थ्यांना हे काम आवडेल असे वाटते त्यांनी काय शिकावे? तांत्रिक पाया हवाच : प्रोग्रामिंगची किमान एक भाषा, डेटाबेस, आकृत्या काढून कामाचा प्रवाह दाखवण्याची सवय. इंटरमीजिएटनंतर बी.टेक., बी.सी.ए., बी.एस्सी. वा बी.कॉम. कॉम्प्युटर्स, आणि पदवीनंतर आयसेट परीक्षा देऊन एम.सी.ए., जे आता दोन वर्षांचे झाले आहे, असे अनेक रस्ते आहेत. पदवी हातात पडताच विश्लेषकाची नेमणूक मात्र सहसा मिळत नाही. आधी काही वर्षे प्रोग्रामिंग, चाचणी, किंवा बँक, रुग्णालय, विमा अशा एखाद्या क्षेत्राचा अनुभव घ्यावा लागतो. आजच्या जाहिरातींत याच कामाला 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट' असेही म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्ता आता प्रोग्रामचा बराच भाग लिहून देते, म्हणून पालक काळजीत आहेत. पण देणगीदाराला दिलेला शब्द यंत्राला आपण होऊन कळणार नाही. तो कोणीतरी खिडकीपलीकडे बसून ऐकावा लागेल.

आणि येथे आपल्या मुलांकडे एक पुंजी आहे, जिची त्यांना आणि पालकांना कित्येकदा लाज वाटते. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, बसमध्ये तेलुगू, पुस्तकात इंग्रजी. "यामुळे मुलाची एकही भाषा धड होत नाही," अशी तक्रार मी वारंवार ऐकते. भाषा धड करून घेणे हे आमचे, शिक्षकांचे काम. त्यात ढिलाई नको. पण एका माणसाचे म्हणणे दुसऱ्याला त्याच्या शब्दांत समजावून देणे ही मुले लहानपणापासून करीत आली आहेत. आजीचे बोलणे डॉक्टरला सांगणारी दहा वर्षांची मुलगी विश्लेषकाचेच काम करीत असते. तिला त्याच्या जोडीला स्वच्छ, मुद्देसूद लिहिणे शिकवले पाहिजे, कारण ऐकलेले जो नीट लिहून काढत नाही त्याचा आराखडा कोणी वाचत नाही. निबंधाच्या वहीकडे "कॉम्प्युटरला जाणार, मराठी कशाला?" म्हणून पाहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

विश्वस्त मंडळाने प्रणालीची निवड पुढील सत्रापर्यंत पुढे ढकलावी आणि तोपर्यंत आपल्याच कामाचा अभ्यास व्हावा, असा प्रस्ताव मी ठेवला आहे. त्याचा एक भाग नववीचे विद्यार्थी करतील. चार-चारच्या गटाने ते कार्यालयात बसून शाळा सोडल्याच्या दाखल्याचा एक अर्ज आत आल्यापासून सही-शिक्क्यासह बाहेर पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जातो, कोठे थांबतो आणि का थांबतो, याची आकृती काढतील. अर्जावरील नावे झाकलेली असतील. संगणक वापरायचा नाही. दोनशे पानी वही आणि पेन्सिल पुरे. ज्या पालकांच्या मुलांची नावे वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी लागली आहेत, त्यांनी ते सर्व प्रकार एका कोऱ्या कागदावर लिहून कार्यालयात द्यावेत. त्यावर मुलाचा वर्ग लिहावा, इतर माहितीची गरज नाही. आमच्या ज्येष्ठ लिपिकांनी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे आनंदाने मान्य केले आहे. मात्र शनिवारी अकरानंतरच या, अशी त्यांची अट आहे, कारण त्याआधी शुल्काच्या खिडकीवर त्यांना मान वर करायला सवड नसते.